कामगार-कॉटेज: एका फळीची भिंत कळली की घर कळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या पॅडिंग्टन भागातलं एक जुनं लाकडी कामगार-कॉटेज एका मराठी कुटुंबाला विकत घ्यायचं आहे. घर वारसा यादीत आहे. लाकडी खुंटांवर उभं, मधे चार खोल्या, पुढे व्हरांडा, मागे उतरत्या छपराचं स्वयंपाकघर. ते कोणत्या काळातलं असेल, कसं बांधलेलं आहे, डागडुजी कुठून सुरू करावी, आणि आतून प्लास्टरबोर्ड मारून भिंती सपाट करून घेतल्या तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, चालणार नाही. त्याचं कारण नीट समजलं की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

या घरांच्या बऱ्याच भिंती म्हणजे उभ्या फळ्यांचा फक्त एक थर असतो. जीभ-खाच पद्धतीने एकमेकींत बसवलेल्या, जेमतेम 20-22 मिलिमीटर जाडीच्या पाइनच्या फळ्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते, म्हणून तिथले सुतार त्यांना नुसतं ‘व्हीजे’ म्हणतात. भिंतीचा सांगाडा, म्हणजे हार्डवुडचे (कठीण लाकडाचे) उभे खांब, फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला उघडा असतो. खोलीत गुळगुळीत बाजू, बाहेर सांगाडा. मधोमध आडवी पट्टी असते, तिला बेल्ट रेल म्हणतात. लांब फळ्यांना पोक येऊ नये म्हणून ती लागते. अशा भिंतीच्या आत पोकळी नसते, त्यामुळे भिंतीत काही दडत नाही. पाणी शिरलं तर दिसतं, वाळवी लागली तर दिसते, फळी ओली झाली तर दोन्ही अंगांनी वाळते. आतून बोर्ड मारला की पहिल्यांदाच त्या भिंतीत एक अंधारी, कोंदट पोकळी तयार होते. वाळवीला याहून चांगली जागा मिळत नाही.

सांगाडा बाहेर ठेवण्याची ही पद्धत क्वीन्सलंडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेन ज्याची राजधानी आहे त्या राज्यात, वास्तुविशारद रिचर्ड सूटर यांनी 1860 आणि 1870 च्या दशकांत शाळांच्या इमारतींतून रूढ केली. उष्ण हवामानात जाड भिंतीची गरज नव्हती, फळ्यांचा एक थर वाचत होता, आणि हूप पाइन (तिथलं मऊ लाकूड) व हार्डवुड दोन्ही जवळच्या जंगलांत भरपूर होतं. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या ते कापून देत. घर बांधणाऱ्याने या बचतीचा हिशोब बारकाईने केलेला असतो. व्हरांड्याच्या आडोशाला असलेली पुढची भिंत एकेरी, कारण तिला पाऊस लागत नाही. पावसाच्या माऱ्यातल्या बाजूच्या भिंतींना मात्र सांगाड्याच्या बाहेरून आडव्या फळ्या मारलेल्या. खोल्यांमधल्या आतल्या भिंती पुन्हा एकेरी. मागच्या खोल्यांना कधीकधी आतून अस्तरच नाही. म्हणजे एकाच घरात दोन-तीन प्रकारच्या भिंती असतात. कोणती कुठल्या प्रकारची आहे, याचा साधा नकाशा काढणं हे पहिलं काम.

कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणलं तर मांडणी चटकन कळेल. पुढचा व्हरांडा म्हणजे ओसरी, मागचं उतरत्या छपराचं स्वयंपाकघर म्हणजे पडवी, मधे चौपाखी किंवा दुपाखी छपराखाली माजघराच्या जागी चार खोल्या. व्हरांड्याचं छप्पर बहुधा मुख्य छपरापासून एक पायरी खाली, वेगळं असतं. साम्य इथे संपतं. कोकणातलं घर जोत्यावर आणि चिऱ्याच्या भिंतींवर बसतं, हे खुंटांवर नुसतं टेकलेलं असतं. इतकं हलकं, की तिथे अशी घरं कापून ट्रकवरून दुसऱ्या गावी नेतात. वारसा यादीतलं घर अजून मूळ जागेवर असेल तर त्या जागेलाही महत्त्व आहे, ते यामुळेच.

खुंट का, याचं उत्तर जमिनीत आहे. पॅडिंग्टन, रेड हिल, पेट्री टेरेस हे सगळे चढ-उतार. खोदकाम आणि पाया करण्यापेक्षा कमी-जास्त उंचीचे खुंट पुरून वर सपाट चौकट बसवणं स्वस्त पडे. शिवाय खालून हवा खेळते, पावसाचं पाणी वाहून जातं, आणि वाळवीचा माग लागतो.

काळ ओळखताना एक गोंधळ आधी दूर करू. ‘वर्कर्स कॉटेज’ हा घराचा प्रकार आहे, मुख्यतः 1860 ते 1900 या काळातला, खाजगी बांधणीचा. बरीच घरं भाड्याने देण्यासाठी बांधलेली. ‘वर्कर्स ड्वेलिंग’ ही वेगळी गोष्ट. क्वीन्सलंड सरकारने 1909 मध्ये कायदा करून कमी उत्पन्नाच्या, स्वतःचं घर नसलेल्या लोकांना घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 200 पौंड होती. या योजनेतलं पहिलं घर 1910 मध्ये ब्रिस्बेनच्या नंडा उपनगरात उभं राहिलं आणि आज तेही राज्याच्या वारसा यादीत आहे. नंतरच्या या घरांच्या खोल्या मोठ्या, आराखडा सरकारी छाननीतून गेलेला, कागदपत्रं शिल्लक. जाहिरातीत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, म्हणून दलालाच्या शब्दावर साल ठरवू नका.

जमिनीचं माप हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. 1885 मध्ये क्वीन्सलंडने फार लहान तुकडे पाडण्यावर कायद्याने बंदी घातली आणि किमान 16 पर्च, म्हणजे सुमारे 405 चौरस मीटर, हे माप ठरवलं. तुमचा भूखंड त्याहून लहान असेल, 8-10 पर्चचा, तर त्याची वाटणी बहुधा 1885 च्या आधीची. घर त्यानंतरचं असू शकतं, हे लक्षात ठेवा. 1880 च्या दशकात शहराची वस्ती दुपटीहून जास्त वाढली आणि कामाच्या ठिकाणापासून पायी अंतरावरच्या टेकड्या अशा घरांनी भरून गेल्या. 1893 मध्ये पूर आणि बँकांची पडझड एकाच वर्षी आली, तेव्हा बांधकाम जवळजवळ थांबलं. त्यामुळे लहान भूखंडावरचं कॉटेज बहुतेक वेळा 1893 च्या आधीचं निघतं.

घरातच मिळणारे पुरावे असे. छताच्या पोकळीत चढून पत्र्याखालच्या रिपा पाहा. त्या फार जवळजवळ असतील किंवा मधे लाकडी कौलांचे तुकडे अडकलेले असतील, तर मूळ छप्पर शिंगल्सचं होतं आणि पन्हळी पत्रा नंतर चढवला. वाशांवरच्या करवतीच्या खुणा पाहा: गोल चकतीच्या करवतीने कमानदार ओरखडे उठतात, हातकरवतीने सरळ पण कमी-जास्त अंतराचे. उपटलेला एखादा जुना खिळा मिळाला तर त्याचा छेद बघा. चौकोनी कापीव खिळे आधीचे, गोल तारेचे खिळे साधारण 1890 पासून सर्वत्र. खिडक्यांमध्ये लहान-लहान सहा-सहा काचा असतील तर त्या जुन्या, मोठ्या दोन-दोन काचा नंतरच्या, आणि बाहेर उघडणारी झडपं बहुधा विसाव्या शतकातली. यातला एकच पुरावा पुरेसा नसतो, कारण जुनी खिडकी नव्या घरात बसवण्याची चाल तेव्हाही होती. तीन-चार पुरावे एका काळाकडे बोट दाखवू लागले की मगच साल बोला.

कागदांपैकी 1895 चा मॅकेलरचा ब्रिस्बेनचा नकाशा, पाणी व सांडपाणी मंडळाचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले तपशीलवार आराखडे आणि 1946 चं हवाई छायाचित्र हे तिन्ही पाहाच. मंडळाच्या आराखड्यांत घराचा आकार, पायऱ्या, मागच्या कोपऱ्यातला संडास, सगळं रेखलेलं असतं. आजच्या घराशी ते ताडून बघितलं की कोणती भिंत नंतरची हे एका बैठकीत कळतं. ब्रिस्बेनच्या अनेक उपनगरांत भुयारी गटार 1960 च्या दशकापर्यंत पोचलं नव्हतं, महापौर क्लेम जोन्स यांच्या काळात ते काम झालं. त्यामुळे घराला चिकटलेलं न्हाणीघर-संडास बहुधा तेव्हाचं किंवा नंतरचं आणि मूळ रचनेचा भाग नसतं. बदल करायचेच असतील तर ते तिथे करा.

यादीचा अर्थ

‘वारसा यादीत आहे’ एवढं ऐकून थांबू नका. तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक हेच म्हणतात. पहिली, राज्याची यादी, 1992 च्या क्वीन्सलंड वारसा कायद्याखाली. इथे घराचा आतला भाग, आवार, कुंपण हेही संरक्षणात येऊ शकतं. दुसरी, नगरपालिकेची स्थानिक यादी. तिसरी यादी नाहीच, तो नियोजन आराखड्यातला ‘पारंपरिक स्वरूपा’चा पट्टा आहे. 1946 पर्यंतच्या घरांना तो लागू होतो आणि मुख्यतः पाडकाम व रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूपुरता बोलतो. खरेदीआधी तुमचं घर यातल्या कशात आहे ते लेखी घ्या. राज्याच्या यादीत असेल तर नोंदीतलं ‘महत्त्वाचं विधान’ वाचा. परवानगी मागताना प्रत्येक बदल त्या विधानावर घासून पाहिला जातो. नेहमीची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती सर्वसाधारण सवलतीत बसते, म्हणजे तिला वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढच्या छोट्या कामांना सवलत-प्रमाणपत्र लागतं, मोठ्या बदलांना विकास-परवानगी. ऑस्ट्रेलियात या सगळ्यामागे वारसा-जतनाची 1979 ची बुरा सनद आहे. तिचं सूत्र असं: लागेल तेवढं करा, पण जमेल तितकं कमी करा. एकेरी भिंतीच्या घराला हे सूत्र अगदी चपखल बसतं, कारण इथे एक फळी बदलली तरी ती खोलीतूनही दिसते आणि अंगणातूनही.

खालून वर

तपासणी खुंटांपासून करा. चार खोल्यांचा 24 फूट बाय 24 फुटांचा गाभा धरला आणि खुंट सहा-सहा फुटांवर असले, तर एका ओळीत पाच, म्हणजे 25 खुंट, आणि व्हरांड्याची एक ओळ मिळून 30. प्रत्येकाला क्रमांक द्या. खुंट कुजतो तो जमिनीच्या वर नाही आणि खोलातही नाही, तर बरोबर जमिनीच्या रेषेपाशी, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे भेटतात. म्हणून भोवतालची माती 20-30 सेंटिमीटर उकरा आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. वरून ठणठणीत वाजणारा खुंट तिथे पेन्सिलीएवढा बारीक झालेला असू शकतो.

प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी असते, तिच्या कडा खाली वाकवलेल्या. ही टोपी वाळवीला अडवते असा समज आहे. प्रत्यक्षात ती वाळवीला उघड्यावर आणते: वर जायचं तर तिला टोपीच्या कडेवरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती नळी डोळ्यांना दिसते. गंजून भोक पडलेली, कडा सपाट ठोकलेली, किंवा जिच्यावरून पाइप नेला आहे अशी टोपी निरुपयोगी. खुंटाला टेकवून ठेवलेली फळकुटं, फुलझाडांचे वाफे, घराखाली ओतलेलं काँक्रीट, या तिन्हींमुळे वाळवीला टोपी टाळून वर जायचा रस्ता मिळतो. काँक्रीट तर खुंटाभोवती पाणीही धरून ठेवतं. जमिनीला घरापासून दूर, पहिल्या मीटरमागे किमान 5 सेंटिमीटर उतार हवा.

खुंट बदलताना घर जॅकवर उचलतात. घाई केली तर नुकसान होतं ते वर, खाली नाही. फळ्यांची भिंत लवचीक असल्याने तडा जात नाही, पण चौकटी तिरक्या होतात, काचा फुटतात, पत्र्याचे सांधे उघडतात. एका वेळी काही मिलिमीटर, मग थांबायचं, पुन्हा सगळीकडची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने मोजायची. आणि दारं अडकतात म्हणून रंधा मारायची चूक कधीच करू नका. आधी घर पातळीत आणा, काही आठवडे बसू द्या. बहुतेक दारं आपोआप सुटतात, आणि आधीच रंधलेल्या दारांना मात्र मग बोटभर फट राहते. आतले खुंट काँक्रीटचे किंवा लोखंडी केले तरी कडेचे, रस्त्यावरून दिसणारे, लाकडीच ठेवावेत असा आग्रह सहसा धरला जातो, आणि तो योग्य आहे.

जमिनीच्या फळ्यांना खालून टॉर्च लावा. हूप पाइनच्या जुन्या फळ्यांत सुमारे 2 मिलिमीटरची गोल भोकं आणि भुगा दिसला, तर तो बहुधा क्वीन्सलंड पाइन बीटल नावाचा भुंगा. तो खास याच लाकडाला लागतो आणि घर अनेक दशकं जुनं झाल्यावर लागतो. त्यावर इलाज करावा लागतो. हार्डवुडच्या कडेच्या पांढुरक्या भागात भोकं असतील तर तो वेगळा किडा. तो फक्त बाहेरच्या कच्च्या लाकडातलं पीठ खातो, गाभ्यात शिरत नाही. त्याच्यावर पैसे खर्च करायची गरज सहसा नसते. दोन्हींत फरक न करता सरसकट फवारणी विकणारे भेटतील, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

दारं-खिडक्या लालसर, हलक्या लाकडाच्या असतील तर ते रेड सीडर. हा आपल्याकडचा तून वृक्षच, तीच जात. असं लाकूड आता सहज मिळत नाही, त्यामुळे कुजलेली खिडकी बदलू नका, कुजलेला तुकडा कापून तिथे त्याच जातीचं जुनं लाकूड जोडा.

व्हरांडा आणि रंग

व्हरांड्याच्या फळ्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेला धावतात, पुढे थोडा उतार, आणि फळ्यांत जीभ-खाच नाही तर बारीक फट. पाणी त्या फटीतून जातं. तिथे आतल्या खोलीसारखी जीभ-खाचेची फळी बसवली की पाणी खाचेत साचतं आणि पाच-सात वर्षांत काम पुन्हा. फरशी किंवा व्हिनाइल तर नकोच. कुजायला सुरुवात पुढच्या टोकाला होते, कारण तिथे फळीची उघडी टोकं पाणी पितात. सगळा व्हरांडा काढण्याआधी शेवटची तुळई आणि फळ्यांचं पुढचं टोक एवढंच बदलून भागतं का ते पाहा. कठडा मुळात नऊशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आजचा नियम जमिनीपासून मीटरभराहून उंच व्हरांड्याला 1 मीटर उंची आणि 125 मिलिमीटरपेक्षा कमी फट मागतो. जुना कठडा तसाच ठेवून त्याच्या वर आणि मागे बारीक सळई किंवा तार देणं हा मार्ग परवानगी देणाऱ्यांना सहसा पटतो.

रंगाबद्दल अतिशय सावध राहा. शिशाच्या रंगाने मुलांना होणारी विषबाधा जगात सर्वांत आधी जिथे नीट ओळखली गेली, त्यात ब्रिस्बेनचं नाव आहे, आणि कारण हाच व्हरांडा. डॉक्टर जेफरिस टर्नर यांनी 1890 च्या दशकात तिथल्या मुलांतली शिशाची विषबाधा ओळखली. 1904 मध्ये नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी तिचा उगम दाखवला: उन्हाने भुकटी झालेला कठड्यांचा आणि भिंतींचा रंग, तो मुलांच्या घामट बोटांना लागतो आणि नखं खाणाऱ्या, अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जातो. क्वीन्सलंडने 1922 मध्ये मुलांच्या हाताला लागणाऱ्या जागी शिशाच्या रंगावर बंदी आणली. त्याआधीचे थर तुमच्या कठड्यावर आजही खाली असतील असंच धरून चाला. कोरडा सँडर, हीट गन, आग, जोराचा पाण्याचा फवारा, यातलं काही नको. ओलं करून हाताने खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. पागोळ्यांखालची माती तपासून घ्या. तिथे भाजी लावणं किंवा कोंबड्या सोडणं तपासणीनंतरच. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर काम संपेपर्यंत त्यांनी दुसरीकडे राहावं.

छपरासाठी दोन सूचना. जुन्या जस्ताच्या पत्र्याशेजारी अ‍ॅल्युमिनियम-जस्त लेपाचा नवा पत्रा जोडू नका. नव्यावरून येणारं पाणी जुन्याचं जस्त भराभर खातं, आणि सांध्यांवरच्या शिशाच्या पट्ट्या नव्या पत्र्याला खातात. पत्रा, पन्हळ, पट्ट्या सगळं एका जातीचं हवं. दुसरी, पत्रा उघडला आहे तोवर त्याखाली परावर्तक फॉइल घाला आणि वासे भिंतीच्या वरच्या तुळईला पट्ट्यांनी बांधून घ्या, कारण मूळ बांधणीत वादळाचा विचार खिळ्यांपुरताच आहे. उष्णतेची बहुतेक सगळी लढाई छपराखालीच जिंकता येते. एकेरी भिंतीत इन्सुलेशन भरायला जागाच नाही आणि ती निर्माण करायचीही नाही. विजेच्या तारा दाराच्या चौकटीच्या पट्टीमागून, बेल्ट रेलच्या कडेने किंवा छताच्या पोकळीतून न्या. फळ्यांमधल्या फटी सिलिकॉनने भरू नका: दमट उन्हाळ्यात फळ्या फुगतात, कोरड्या हिवाळ्यात आकसतात, आणि भरलेली फट एक तर फाटते नाहीतर फळीची जीभ तोडते.

मागच्या कोणी मालकाने आतून बोर्ड आधीच मारून ठेवला असेल, आणि अशी घरं पुष्कळ आहेत, तर उत्साहाने हातोडा घेऊ नका. तो बोर्ड अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी 2003 च्या शेवटी आली, आणि बंद केलेले व्हरांडे, न्हाणीघरं, पागोळ्यांखालचे पत्रे यांत तो सर्रास वापरला होता. एक तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, निघालाच तर काढण्याचं काम परवानाधारकाला द्या. साधा प्लास्टरबोर्ड असेल तर कपाटामागचा एकच बोर्ड आधी उतरवा आणि मागे फळ्या शाबूत आहेत का, खिळे कुठे ठोकलेत, वाळवीची माती आहे का ते पाहा. फळ्या चांगल्या असतील तर एकेक खोली उघडत जा. खिळे खेचताना पक्कडीखाली पातळ पट्टी ठेवा, म्हणजे मऊ पाइनला खड्डा पडणार नाही. भोकं जवसाच्या तेलाच्या लांबीने भरा. प्रत्येक खोलीतला जुन्या रंगाचा हातभर चौकोन न खरवडता तसाच सोडा. पुढे कोणाला रंगांचे थर वाचायचे झाले तर त्याला तेवढाच पुरावा लागतो.